म्हाताऱ्याच्या सालीतली बुरशी

मी बुरशी बोलतेय. नाक मुरडू नका. भाकरीवर येते ती मी नव्हे, लोणच्याच्या बरणीत तोंडाशी धरते तीही नव्हे. त्या माझ्या लांबच्या बहिणी. त्यांना तुम्ही रोज पाहता आणि रोज फेकता. मला मात्र एका मुलीने पाहिलं आणि जपून ठेवलं. माझी गोष्ट सांगायची तर तिचीही सांगावी लागेल. जरा लवकर सांगते, कारण माझ्यापाशी फार दिवस उरलेले नाहीत.

माझा जन्म कधीचा, मला ठाऊक नाही. गडचिरोलीच्या जंगलात, धानोऱ्याच्या पलीकडे, एका नाल्याच्या काठावर एक जुनं झाड होतं. त्याच्या सालीच्या आत सुताहून बारीक धाग्यांनी मी पसरले होते. बाहेरून कोणाला दिसत नव्हते. झाडाचं नाव मी सांगणार नाही. गावाचंही नाही. ते का, हे पुढे कळेल. गावातली मंगली त्या झाडाला म्हातारा म्हणायची. मीही म्हातारा म्हणते.

म्हातारा मला त्याच्या रसातली थोडी साखर द्यायचा. पोटभर कधीच नाही. बदल्यात मी त्याची राखण करायचे. साल कुठे फाटली, अस्वलाने नख मारलं, फांदी मोडली, की त्या फटीतून सडवणारे जंतू आत शिरायचे. तेव्हा मी एक कडू रस सोडायचे. जंतू तिथेच मरायचे. तुम्ही त्या रसाला औषध म्हणता. मी त्याला काहीच म्हणत नव्हते. घरात चोर शिरला की हाताला येते ती काठी, एवढंच माझ्या लेखी त्याचं मोल.

मंगली गोंड. वय साठीच्या आसपास, अंगाने काटकुळी. तिच्या आईने आणि आजीने म्हाताऱ्याची साल नेली तशीच ती न्यायची. वर्षातून एकदा, मोहफुलं पडायच्या आधी. घरातून निघाली की परत घरी पोचेपर्यंत बोलायची नाही. वाटेत कोणी विचारलं तर नुसती हसायची. बुंध्याशी तांदळाचे चार दाणे ठेवायची, कपाळ टेकवायची, आणि उगवतीच्या बाजूला, गेल्या वर्षीच्या खुणेच्या अगदी कडेला, हाताच्या पंजाएवढा तुकडा काढायची. मग नाल्याची ओली माती आणून त्या जखमेवर थापायची. म्हाताऱ्याच्या अंगावर अशा खुणांची रांग होती, एकीवर एक, शिडीच्या पायऱ्यांसारखी.

मी आहे हे मंगलीला ठाऊक नव्हतं. पण जुन्या खुणेच्या कडेलाच मी सगळ्यात दाट असायचे, आणि बाईचा विळा बरोबर तिथेच यायचा. तीन पिढ्यांच्या हातांना जे कळलं होतं ते तिला शब्दांत सांगता आलं नसतं. कुऱ्हाड लागलेले, अस्वलाने ओरबाडलेले, चिखल्यांनी पाय फुटलेले लोक तिच्या दारात यायचे. ती साल वाटून लेप द्यायची. बहुतेक बरे व्हायचे.

आता रिना. तिचे वडील वामनराव माजरीच्या कोळसा खाणीत कामाला होते. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. रिनाच्या आज्याला शाळेच्या ओसरीवर बसून बाहेरूनच धडे ऐकावे लागले होते, ही गोष्ट त्या घरात प्रत्येक परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगितली जायची. रिना शिकली. चंद्रपूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधनाला लागली. तिला सगळ्याची घाई होती. चालताना ती दोन पायऱ्या एकदम चढायची.

निवृत्त झाल्यावर वामनरावांच्या टाचेला जखम झाली. शुगर होतीच. जखम भरेना. दवाखान्याने जखमेतला पू तपासून रिपोर्ट दिला. त्यात औषधांची लांब यादी होती, आणि प्रत्येक औषधापुढे एकच इंग्रजी अक्षर होतं, आर. म्हणजे त्या जंतूंवर ते औषध चालत नाही. रिना तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होती, तेव्हा वामनराव म्हणाले, "आर म्हणजे रिनाच ना? पाहा तं, कागदावर सगळीकडं तुह्यंच नाव लिहून ठेवलं त्यायनं."

त्यांनीच तिला कोलूची आठवण करून दिली. कोलू मंगलीचा भाऊ, खाणीत त्यांच्याच पाळीला होता. एकदा पत्र्याने त्याचा हात कोपरापर्यंत फाटला, सडायला लागला. तो रजा टाकून गावी गेला आणि महिन्याने हात घेऊन परत आला. रिनाने कोलूला गाठलं, आणि डिसेंबरात एक दिवस ती मंगलीच्या अंगणात येऊन बसली. पायाचा फोटो दाखवला.

मंगलीने फोटो पाहिला आणि मोबाइल परत दिला. घाव हाडापर्यंत गेलाय, तिथे लेपाचं काम नाही, असं तिने सरळ सांगितलं. रिनाला ते आवडलं. खोटी आशा लावणारी माणसं तिने तोवर पुष्कळ पाहिली होती. मग तिने मंगलीला समजावलं की साल नको, सालीत जे काही आहे ते शोधून काढायचंय, त्याचं इंजेक्शन झालं तर ते हाडापर्यंत पोचेल. फक्त बोटाएवढा तुकडा हवा.

 मंगली म्हणाली, "नेतो तुले. पण कोणापाशी त्याचं नाव घेजो नोको. बोटबी दाखवजो नोको त्याच्याकडं."

"काऊन बाई?"

"नाव घेतलं का गुण जाते."

रिनाने मान डोलावली. आतल्या आत ती हसली असणार. तिच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता.

त्या दिवशी विळ्याने निघालेल्या तुकड्याबरोबर मी जंगलाबाहेर पडले. अर्थात पूर्ण नाही. आम्हा बुरशींना माणसांसारखं एक-दोन मोजता येत नाही. माझा एक तुकडा म्हाताऱ्यात राहिला आणि एक कापडात गुंडाळून एसटीने चंद्रपूरला आला. दोन्ही मीच.

लॅबमध्ये रिनाने साल स्पिरिटात बुडवली, मग जंतुनाशकात, मग पाण्यात. सालीवरचे सगळे जीव मेले. आत होते म्हणून मी वाचले. तिने सालीचे बारीक काप करून काचेच्या प्लेटमध्ये ठेवले. प्लेटमध्ये बटाट्याचं पाणी आणि साखर घालून गोठवलेलं अन्न होतं. एवढं अन्न मी जन्मात पाहिलं नव्हतं. चार दिवसांत मी कापांच्या कडेने पांढरी बाहेर आले. रिनाने मला पाहिलं. तिने प्लेट उजेडाकडे धरली. माझ्याकडे कोणी इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

मग तिने वामनरावांच्या जखमेतल्या जंतूंचा थर दुसऱ्या प्लेटमध्ये पसरला आणि मधोमध मला ठेवलं. तिथे मला जंगलच आठवलं. चोर शिरलेत, घर राखायचं आहे. मी रस सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटभर जंतूंची साय धरली होती आणि माझ्याभोवती मात्र स्वच्छ, रिकामं कडं होतं. तिने पट्टी लावली. एकोणीस मिलिमीटर.

ज्या जंतूंपुढे यादीतलं एकही औषध टिकलं नव्हतं, ते माझ्यासमोर मेले होते.

कडं म्हणजे औषध नव्हे, हे रिनाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. रस वेगळा काढायचा, ओळखायचा, उंदरांवर पाहायचा, माणसांवर पाहायचा, दहा वर्षं जातात. वामनरावांच्या डॉक्टरांनी दहा आठवडेही दिले नव्हते. फेब्रुवारीत त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला. दवाखान्यातून ती थेट लॅबमध्ये आली आणि मला नव्या प्लेटमध्ये लावलं. एकटी असली की ती माझ्याशी बोलायची. त्या दिवशी म्हणाली, "बाबाचा पाय गेला. पण बाबासारखे लय हायेत. आता तू दम सोडजो नोको."

मी दम सोडला नाही. पण माझ्यात काहीतरी बदलत होतं आणि ते मला कळत नव्हतं. दर तीन आठवड्यांनी नवी प्लेट, नवी साखर. चोर नाहीत, पाऊस नाही, म्हाताऱ्याचा हात अंगावर नाही. पुढच्या वेळी तिने मला जंतूंसमोर ठेवलं तेव्हा कडं पंधरा मिलिमीटर भरलं. प्लेटमधल्या अन्नाचा थर जाड झाला असेल, असं तिने वहीत लिहिलं.

मार्चमध्ये कॉलेजने बातमी द्यायची ठरवली. तिचे सर म्हणाले, शोधाची बातमी देऊ, पण झाडाचं नाव नको. आधी पेटंटची कागदपत्रं होऊ देत. रिना उसळली.

"सर, माझ्या आज्याला ओसरीच्या आत येऊ दिलं नाही. का, तर विद्या त्यांच्या घरची. आता तेच मी करू?"

सर म्हणाले, "भावनेचा प्रश्न नाही हा."

"माझ्यासाठी आहे. ज्या बाईने दाखवलं तिचंही नाव छापा. झाडाचंही."

मला तिचा राग अजूनही येत नाही. सरांना विकायचं होतं म्हणून लपवायचं होतं. मंगलीला जपायचं होतं म्हणून लपवायचं होतं. रिनाला दोन्ही लपवणं सारखंच दिसलं. ज्याच्या तोंडावर पिढ्यान्‌पिढ्या दार लावून घेतलेलं असतं, त्याला प्रत्येक बंद दार सारखंच दिसतं. आणि दार उघडणं चूक आहे, असं तिला कोण सांगणार होतं? मी? मला तोंड नाही.

बातमी छापून आली. झाडाचं नाव, झाडाचा फोटो, मंगलीचं नाव, तिचं गाव. वामनरावांनी पलंगावर बसून ती तीनदा वाचली आणि कोलूला फोन केला. त्या दिवशी ते पाय कापल्यानंतर पहिल्यांदा हसले, असं रिनाने मला सांगितलं.

आता म्हाताऱ्यातल्या माझ्या तुकड्याचं ऐका.

पहिला माणूस मोटारसायकलवर आला. त्याची आई चंद्रपूरच्या दवाखान्यात होती, पाठीवर जखमा झालेल्या. त्याने फोटो जुळवून पाहिला, म्हाताऱ्याला हात जोडले आणि कुऱ्हाडीने हातभर साल काढली. मग दोन बाया आल्या, मुलीच्या सिझेरियनचे टाके पिकले होते म्हणून. मग बल्लारपूरहून एक मास्तर आला. ही माणसं वाईट नव्हती. प्रत्येकाच्या घरी कोणीतरी कण्हत होतं. कोणाला उगवतीची बाजू ठाऊक नव्हती, खुणेची कड ठाऊक नव्हती, माती थापणं ठाऊक नव्हतं. शेवटी एक टेम्पो आला. त्यातल्या माणसांना काहीच विचारायचं नव्हतं. मंगली आडवी आली तर तिला बाजूला बसवलं आणि संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्याला बुंध्यापासून पहिल्या फांदीपर्यंत चारही बाजूंनी सोललं. आजूबाजूची त्याच जातीची झाडंही सोलली. त्या झाडांत मी कधीच नव्हते. पण हे पेपरात लिहिलं नव्हतं.

चारही बाजूंनी साल गेली की झाडाला मुळाशी अन्न पाठवता येत नाही. म्हातारा लगेच पडला नाही. महिनाभर पानं तशीच होती. मी रस सोडत राहिले, पण राखायचं काय होतं? घराला भिंतीच नव्हत्या. एप्रिलच्या उन्हात माझे धागे एकेक करून वाळले. मग लाकूड कुजवणाऱ्या दुसऱ्या बुरशी आल्या आणि त्यांनी माझी जागा घेतली.

इकडे लॅबमध्ये कडं अकरावर आलं होतं. मग सहावर. मेच्या शेवटी रिनाने मला जंतूंसमोर ठेवलं आणि सकाळी ते माझ्या अंगाला चिकटून वाढलेले दिसले. मी तिथेच होते, पांढरी, गुबगुबीत, निरोगी. फक्त काठी कशी उचलायची ते विसरले होते. आयतं खाऊन माणसं विसरतात तशीच.

रिनाला वाटलं, हरकत नाही. झाडापासून पुन्हा घेऊ. तिने एसटी पकडली.

मंगली तिला पाहून अंगणातून उठली. दोघी नाल्यापर्यंत चालत गेल्या. म्हातारा उभा होता, नुसतं पांढरं पडलेलं लाकूड. रिनाने पिशवीतून चाकू काढला, उरलेल्या सालीचे तुकडे शोधले, खोडाच्या कपच्या घेतल्या, मुळं खणली. तास दीड तास ती तेच करत होती. मंगली बाजूला दगडावर बसून होती. शेवटी रिना तिच्यासमोर खाली बसली.

"बाई, मले शिव्या दे ना."

"कायले देऊ? तू चोरी नाई केली. वाईटबी नाई केलं. तू नाव घेतलं, एवढंच."

"मले वाटलं, सगळ्यायले कळलं पायजे."

"कळलं ना सगळ्यायले," मंगली म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच ते रिनाला जास्त लागलं. "आता माह्याकडं कोणी आलं का मी सांगतो, दवाखान्यात जा. चाळीस किलोमीटर हाय म्हणते ते."

निघताना मंगलीने घरातून एक मडकं आणलं. चुलीवरच्या धुरात वाळवून ठेवलेली शेवटची मूठभर साल त्यात होती. "घेऊन जा. तुह्या कामी आली तं आली." रिना नको म्हणत होती. मंगलीने ती तिच्या ओढणीत बांधली.

धुरावर वाळलेल्या सालीत मी जिवंत नसते. तरी रिनाने ती साल उकळून माझ्या अन्नात घातली. मला म्हाताऱ्याचा वास आला. खरंच आला. मी धडपडले. दुसऱ्या दिवशी पट्टीवर दोन मिलिमीटर. रिना त्या दिवशी जेवली नाही, आनंदाने. पुढच्या वेळी एक. मग साल संपली आणि कडंही संपलं. म्हाताऱ्यातून आणलेल्या शंभर कपच्यांमधून दुसऱ्याच बुरशी उगवल्या. तिने त्याच जातीची आणखी सोळा झाडं तपासली. कुठेच मी नव्हते.

ऑगस्टमध्ये वामनराव गेले. कापलेल्या पायाच्या टोकाशी तोच जंतू पुन्हा आला आणि रक्तात शिरला. शेवटच्या रिपोर्टवरही सगळीकडे आर होतं. या वेळी त्यांनी गंमत केली नाही. त्यांनी फक्त विचारलं, "तुह्यं ते कडं किती झालं आता?" रिनाने सांगितलं, एकोणीस. तिच्या आयुष्यातलं हे पहिलं खोटं नसेल, पण संशोधनातलं पहिलं होतं.

शेवटचा प्रयत्न रोपांचा. म्हाताऱ्याच्या जातीची तीन रोपं तिने कॉलेजच्या मागच्या अंगणात लावली होती, बोटाएवढी जाड. तिने एकेका रोपाच्या सालीला बारीक चीर दिली आणि त्यात मला ठेवून ओल्या मातीने बांधलं, मंगलीसारखं. मला वाटलं, घर मिळालं. मी पसरले. पण म्हातारा दीडशे वर्षांचा होता, त्याला माझी सवय होती, मला आवर घालणं त्याला जमत होतं. ही लेकरं होती. चीर काळी पडली, पानं गळाली. पंधरा दिवसांत तिन्ही रोपं मेली.

ती मीच मारली. ज्याच्या अंगात मी राखण करायचे, त्याच्याच लेकरांना मी रोग झाले. रिनाने ती उपटून पाहिली, चिरेपाशी माझे धागे पाहिले आणि रोपं जमिनीवर ठेवून दिली.  त्यानंतर ती माझ्याशी कधीच बोलली नाही.

आज मी एका काचेच्या नळीत आहे, वर तेलाचा थर, बुडाशी थोडं अन्न. कॉलेजच्या फ्रीजमध्ये, मागच्या रांगेत. वीज जाते तेव्हा फ्रीज घामाघूम होतो. रिनाची शिष्यवृत्ती संपली. ती सिंदेवाहीला तासिका तत्त्वावर शिकवते. सहा महिन्यांनी एकदा येते, मला नव्या नळीत घालते आणि निघून जाते. दर नव्या नळीत मी आणखी थकते. अशी मी दोन वर्षं जगेन, फार तर तीन. म्हाताऱ्यासारखं झाड व्हायला किती लागतात, ते तुम्हीच मोजा.

चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत अजून लाखो झाडं उभी आहेत. कोणाच्या सालीत कोण बसलंय, कोणत्या जखमेचं औषध कोणाच्या दारातली काठी आहे, हे कोणी पाहिलेलं नाही. आणि खाण, रस्ता, धरण, कशासाठी ना कशासाठी ती रोज पडताहेत. पाहायला माणसं नाहीत. जी एक होती ती आता अकरावीला पेशींचा धडा शिकवते. मी तुम्हाला वाचवा म्हणणार नाही. ती वेळ गेली. एवढंच मागते, की एखाद्या मंगलीने काही दाखवलं तर तिचे हातही नीट पाहा. कुठून कापते, किती कापते, काय थापते. नाव सगळ्यात शेवटी विचारा. तिने नाही सांगितलं, तर नका विचारू.

गेल्या आठवड्यात रिना आली होती. नव्या नळीवर तिने चिठ्ठी लावली. तारीख लिहिली, क्रमांक लिहिला. तिसरी ओळ झाडाच्या नावाची असते. तिथे तिने पेन टेकवला, थांबली, आणि टोपण लावून टाकलं.

ती ओळ आता कोरी आहे. मंगलीने सांगितलं होतं तशी. त्या ओळीमागे लपवायला मात्र आता काहीही उरलेलं नाही.